कागद जोडले, पण क्रम लावला का?

 

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हा गटाचा अर्ज म्हणजे कागदांची चळत आणि तिला एक दोरा. आता सांगतात, "सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये पाठवा." आपण फोटो काढतो, एकत्र जोडतो आणि पाठवून मोकळ्या होतो. पण आतली पानं कशी लागली, हे कोण बघतं?

समजा, गटाचा ठराव दोन पानांचा आहे. पहिल्या पानावर मजकूर, दुसऱ्यावर दहा जणींच्या सह्या. जोडताना सह्यांचं पान भलत्याच ठरावामागे गेलं, तर आपण न केलेल्या ठरावावर आपल्याच सह्या दिसतात! आणि खऱ्या ठरावाला सहीच नाही, म्हणून अर्ज परत येतो. २०२० पासूनच्या पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत नागलीचे पापड, मनुके असं काही करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल देण्याची तरतूद केली गेली. दहा जणी असतील तर चार लाखांपर्यंतची गोष्ट झाली. ती एका पानासाठी का अडावी?

आता पानं उलटसुलट का होतात ते ऐका. बरीच ॲप नावाप्रमाणे क्रम लावतात, आणि नाव अक्षर-अक्षर करून वाचतात. आपण १, २, ३ असे आकडे दिले, तर १ नंतर १० येतो आणि मग २. कारण १० चा पहिला आकडा १ आहे. उपाय सोपा आहे. ०१, ०२, ०३ असं लिहायचं. तारीख घालायची तर आधी साल, मग महिना, मग दिवस. म्हणजे जुनं आधी, नवं नंतर, आपोआप लागतं. आणि आकड्यापुढे नाव लिहायचं : "०१ अर्ज", "०२ ठराव", "०३ पासबुक". नुसत्या "फोटो" या नावावरून उद्या काही कळत नाही.

आधीच जोडलेली पीडीएफ असेल, तर पुन्हा सगळे फोटो काढत बसू नका. पानांची मांडणी बदलायची सोय असलेल्या ॲपमध्ये सगळी पानं छोटी-छोटी दिसतात. हवं ते पान बोटाने दाबून धरा, सरकवत जागेवर न्या आणि सोडा. मग नव्या नावाने जतन करा. जुनी फाईल लगेच पुसू नका.

क्रम कोणता लावायचा? बँकेने यादी दिली असेल तर यादीचाच. नसेल तर अर्ज, ठराव, सदस्यांची यादी, पासबुक, हिशोब, आणि शेवटी ओळखपत्रं. पहिलं पान यादीचं ठेवा : कोणता कागद, कितव्या पानावर. पण एक लक्षात ठेवा. एक पान हलवलं की मागचे पुढचे आकडे बदलतात, म्हणून यादी सगळ्यात शेवटी लिहायची.

अजून दोन गोष्टी. डिजिलॉकरमधून घेतलेल्या दाखल्यावर डिजिटल सही असते. तो दुसऱ्या पानांत जोडला की ती सही तपासता येत नाही. म्हणून मूळ फाईल वेगळी जपून ठेवा. आणि दहा जणींची आधार कार्डं असलेली पीडीएफ गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

पाठवण्याआधी दोघींनी बसायचं. एकीने यादी वाचायची, दुसरीने पानं सरकवत "आहे" म्हणायचं. मोबाईल फक्त सचिवताईंना येतो, असं नको. सह्या सगळ्यांच्या आहेत, तर आपली सही कोणत्या पानामागे लागली हे बघायचा हक्कही सगळ्यांचा आहे. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की गटाची एक फाईल उघडा आणि पानं मोजून बघा.