वालधुनीचा काठ आणि शिल्पकला
(व्याख्यानाचा मजकूर)



विठ्ठलवाडी स्थानकावरून दररोज हजारो माणसे ये-जा करतात. त्यांपैकी फारच थोड्यांच्या ध्यानी येते की, या वस्तीच्या अंगाने वाहणारा काळपट प्रवाह ही एक नदी आहे. वालधुनी हे तिचे नाव. काकोळ्याच्या डोंगरात ती उगम पावते, अंबरनाथ, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी मागे टाकून कल्याणजवळ उल्हासच्या खाडीस मिळते. तिच्या काठाने चालण्याची वाट व्हावी आणि त्या वाटेवर या भूमीचे रूप सांगणारी शिल्पे असावीत, हा विचार आज येथे मांडावयाचा आहे.

हा विचार परदेशातून उसना आणलेला नाही. वालधुनीच्याच तीरी अंबरनाथचे शिवालय उभे आहे. त्यातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा असून शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळाशी तो निगडित आहे. भूमिज शैलीचे हे मंदिर काळ्या पाषाणाचे आहे. गाभाऱ्यात जाण्यासाठी मंडपातून सुमारे वीस पायऱ्या खाली उतरावे लागते. बाहेरच्या भिंती सरळ नाहीत. त्या कोनाकोनांनी पुढेमागे होत जातात, त्यामुळे सूर्य जसजसा कलतो तसतशी सावली एका मूर्तीवरून दुसरीवर सरकते. खालून वर रचलेले आडवे थर पाहिले की मलंगगडाकडील डोंगरकड्यांतील खडकांचे थर आठवतात. हे साम्य पाहणाऱ्याचे आहे. कारागीर आपल्या शास्त्रानुसारच चालले. तथापि दगड येथलाच आणि पाऊसही येथलाच, म्हणून नऊशेहून अधिक वर्षे ती कला या मातीला परकी वाटलेली नाही.

लंडनमध्ये २०१५ साली ‘द लाइन’ नावाचा शिल्पमार्ग खुला झाला. ली नदी आणि तिचे कालवे यांच्या कडेने तो ग्रीनिचकडे जातो. हा परिसर एकेकाळी कारखान्यांचा आणि सांडपाण्याचाच होता. तेथे अ‍ॅबिगेल फॅलिस यांनी बाजारहाटाच्या २२ ढकलगाड्यांतून उभारलेले एक वळणदार शिल्प ठेवण्यात आले होते. शहरातील कालव्यांत लोक अशाच गाड्या फेकून देत असतात, हे लक्षात घेता त्यातील उपरोध सहज उमगतो. ग्रीनिच येथे रिचर्ड विल्सन यांनी वाळू उपसणाऱ्या जहाजाचा एक उभा काप थेम्सच्या ओहोटीच्या चिखलात उभा केला आहे. वाळूचा उपसा उल्हास खाडीलाही अपरिचित नाही. शिवाय शिवकाळात कल्याण-भिवंडीच्या किनाऱ्यावर जहाजे बांधली जात. तेव्हा विठ्ठलवाडीच्या शिल्पकाराला विषयांची वाण पडू नये. १९४९ साली नामकरण झालेल्या उल्हासनगरातील निर्वासितांच्या छावणीपासून रेल्वेने आपल्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेल्या जी.आय.पी. तलावापर्यंत सारे काही या एकाच प्रवाहाच्या कडेला आहे. पुढाऱ्यांचे अर्धपुतळे मात्र चौकांतच पुरेसे आहेत!

आता अडचणीचा भाग. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगर परिसरात या नदीत घातक रसायन सोडले गेले आणि त्याच्या वायूने शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. ज्या पाण्याजवळ उभे राहिल्याने श्वास कोंडतो, त्याच्या काठी फिरावयास कोण येणार? एक पक्ष म्हणतो, आधी नदी शुद्ध करा, मग शोभा आणा. तो पक्ष खोटा नाही. परंतु ज्या काठाकडे सर्वांनी पाठ फिरवली आहे, तेथे रात्री टँकर रिकामा करणे सोपे जाते. माणसांची वर्दळ हाही एक पहारा असतो. म्हणून सांडपाण्याची प्रक्रिया आणि काठावरील वाट ही कामे बरोबरीने हाती घेणे इष्ट ठरेल. शिल्पावरील खर्च मात्र प्रक्रियेच्या निधीतून काढता कामा नये.

जागेची निवडही विचारपूर्वक व्हावी. २६ जुलै २००५ च्या पुराने कल्याण परिसरात हाहाकार उडवला होता. नदीच्या पात्रात भर घालून चौथरे बांधल्यास पुराची वाट अडेल आणि त्याचे पाणी काठच्या झोपड्यांत शिरेल. त्यामुळे शिल्पे दगडाची, खालून पाणी निघून जाईल अशी आणि पूररेषा ध्यानात घेऊन बसवलेली असावीत. एखाद्या स्तंभावर पुराच्या पातळीची खूण कोरली, तर तो स्तंभ शिल्प ठरेल आणि काठच्या वस्तीला पाणी कोठवर येते हेही दाखवील.