आजी, लेक, दोन नाती आणि चार व्हायोलिन

आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवणारी एक पोर आहे. यंदा ती बारावीला गेली आणि घरच्यांनी पेटी माळ्यावर टाकली. “पेटी काय भाकरी देणार आहे का?” म्हणाले. तेव्हापासून मला एका घरातल्या चौघी सारख्या आठवतात.

आजी डॉ. एन. राजम, त्यांची लेक डॉ. संगीता शंकर, आणि संगीताताईंच्या मुली रागिणी आणि नंदिनी. मुंबईचं हे घर. चौघीही व्हायोलिन वाजवतात, आणि एका मंचावर बसूनही वाजवतात. युरोपात चार तंतुवाद्यांचा असा मेळ फार जुना आहे. आपल्याकडं चौकडी म्हटलं की चांडाळच आठवतात, म्हणून मी आपलं चौघीच म्हणते.

व्हायोलिन तिकडूनच आलं. तिकडं ते हनुवटीखाली धरतात. आपल्याकडं मांडी घालून बसायचं, एक टोक छातीशी, दुसरं पायाच्या घोट्यावर. तारा चार. पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, की बोट ठेवलं आणि सूर निघाला. बोट केसभर सरकलं तरी सूर गेला. पण म्हणूनच एका सुरावरून दुसऱ्यावर गळ्यासारखं घसरत जाता येतं.

राजमबाईंचा जन्म १९३८ चा. लहानपणी वडलांनीच दक्षिणेकडचं संगीत शिकवलं. पुढे त्या पंडित ओंकारनाथ ठाकूरांकडं शिकल्या. ते गवई होते, व्हायोलिन वाजवणारे नव्हते! गाणाऱ्याकडून वाजवायला शिकल्या, म्हणून त्यांचं व्हायोलिन गातं. बनारसच्या विद्यापीठात त्यांनी जवळपास चाळीस वर्षं शिकवलं. १९८४ साली पद्मश्री आणि २००४ साली पद्मभूषण मिळालं.

लेक त्यांच्याकडंच शिकली, आणि नातींना आजी आणि आई दोघींनी शिकवलं. नंदिनी तीन वर्षांची असताना शिकायला बसली, आठव्या वर्षी लोकांसमोर वाजवलं. आता नीट ऐका, पोरीच्या आईबापांनी तर जास्तच. रागिणी इंजिनियर झाली. नंदिनी सीए झाली. दोघींनी अभ्यासासाठी व्हायोलिन माळ्यावर टाकलं नाही.

चौघी एकत्र बसल्या की एकीनं राग उलगडायचा, बाकीच्यांनी थांबून ऐकायचं, मग तिनं सोडलेला धागा दुसरीनं उचलायचा. आजीपुढं नातीलाही जागा मिळते. आपल्याकडं गवळण म्हणताना सगळ्याच एकदम सुटतो आणि टाळसुद्धा ऐकू येत नाही, तसं नाही. आणि नाती आजीच्या पदरालाच धरून राहिल्या नाहीत, हे मला जास्त आवडतं. त्या एकट्याही वाजवतात. नंदिनी तर कौशिकी चक्रवर्तींच्या ‘सखी’ या बायकांच्या चमूतही वाजवते.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सूर होता, आपल्या घरात म्हैस आहे, मान्य. माझं स्वतःचं गाणं लग्नानंतर पंधरा वर्षं चुलीपाशीच राहिलं. कुणी बंदी घातली नव्हती. वेळच कुणी दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

आपल्या नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. नामदेवांना समोरून उठवलं, ते मागं जाऊन कीर्तनाला उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही गोष्ट आपण लेकरांना कौतुकानं सांगतो. आणि घरातली पोर सूर लावायला बसली की तिला उठवतो.

परवा मी तिच्या आईकडं जाऊन आले. रोजचा एक तास मागितला, जास्त नाही. त्या तासाला पाणी कोण भरणार, म्हणाली. सोमवार-गुरुवार मी भरते म्हटलं, बाकीचे वार गटातल्या दोघींनी वाटून घेतलेत. पेटी खाली काढलीय. भाता उंदरांनी कुरतडलाय, तेवढा शिवून घ्यायचा आहे.