चक्क्याचे पाणी आणि मुलांचे दात
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज जेवणात श्रीखंड आहे, तेव्हा बोलावयाचा विषयही मी त्याच पातेल्यातला घेतला आहे.

चक्का बांधला की खाली पिवळसर-हिरवट पाणी गळते. पुष्कळ घरी ते मोरीत ओततात. त्यातून काय जाते, ते पाहू या.

गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नुसत्या पाण्यात एवढे कॅल्शियम फॉस्फेट विरघळणार नाही, तळाशी साका बसेल. दुधात मात्र सुमारे दोन-तृतीयांश कॅल्शियम केसीन या प्रथिनाच्या कणांनी धरून ठेवलेले असते. विरजण लागून दूध आंबू लागले की ते कणांतून सुटून पाण्यात उतरते. दही तसेच खाल्ले तर काही वाया जात नाही. पण चक्का बांधला की बराच मोठा वाटा गळून जातो. म्हणून ते पाणी टाकू नये. कणीक भिजवावी, कढीत घालावे.

नियम एवढाच : आंबट पाण्यात कॅल्शियम फॉस्फेट विरघळते, आंबटपणा उतरला की पुन्हा जमू लागते.

हाच नियम मुलांच्या तोंडात चालतो. दाताचे वरचे कवच वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि तेही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचेच. मुलाने गोळी खाल्ली की दातांवरचे जंतू साखरेचे आम्ल करतात आणि कवच झिजू लागते. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट दोन्ही असतात. ती आम्ल निववते आणि झीज भरून काढते. पण त्याला अर्धा तास, कधी अधिकही लागतो. दर पंधरा मिनिटांनी गोळी तोंडात गेली, तर लाळेने काम करावे केव्हा? गोड द्यायचे ते जेवणाबरोबर एकदाच द्यावे.

झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून निजण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. फ्लोराइड मिसळलेले खनिज आम्लाला सहज दाद देत नाही. तान्ह्याला दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नये.

दातावर नुसता पांढरा डाग असेल तोवर तो भरून येऊ शकतो. भोक पडले की लाळ ते बुजवीत नाही. तेव्हा भगिनींनो, आज घरी गेल्यावर मुलांचे दात एकदा उजेडात पाहा, एवढीच विनंती.