पिकअप गाडीतील सुरक्षा-पट्टा आणि न लिहिलेली तक्रार

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या वस्तूविषयी मला बोलावयाचे आहे, ती जेमतेम दोन इंच रुंदीची आहे. मोटारीतील सुरक्षा-पट्टा, आपण सर्वजण ज्याला नुसते बेल्ट म्हणतो तो. त्यातही पिकअप गाडीतला. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत बैलगाडीची जागा कोणत्या वाहनाने घेतली असेल, तर ती पिकअपने. रावेर-यावलच्या शिवारातून केळीचे घड निघतात ते पिकअपमधून. चोपडा-शिरपूरकडील कापूस जिनिंगला जातो तो पिकअपमधून. सिमेंटची पोती, कांदा, शेळ्या, लग्नातले कपाट, सारे तिच्याच हौद्यात. आणि माल उतरला की त्याच हौद्यात माणसे चढतात.

पट्ट्याचे काम काय, हे शिक्षक मंडळींना वर्गात एका गणिताने दाखविता येईल. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आतील माणसाचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली इमारतीच्या गच्चीवरून, खाली पडणाऱ्या वस्तूच्या वेगाएवढा आहे. गच्चीच्या कठड्यावर कोणी बेफिकिरीने उभे राहत नाही. गाडीत मात्र आपण सारेच बसतो. खांदा व कंबर दोन्ही धरणारा आजचा तीन टोकांचा पट्टा स्वीडनमधील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये सिद्ध केला, आणि तो वापरणे कायद्याने बंधनकारक करण्याचा मान ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये मिळविला. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब अन्वये पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,७१५ माणसे मृत्यू पावली; त्यांत ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ सोबतचे प्रवासी. पट्टा नादुरुस्त होता म्हणून लावता आला नाही, असा मनुष्यही याच संख्येत मिसळून जातो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचेच महत्त्व आहे.

परंतु आधी हौद्यातील माणसांविषयी बोलले पाहिजे. कारण तेथे पट्टाच नाही. नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस धुळे तालुक्यात विंचूरजवळ ऊसतोडीला निघालेल्या मजुरांची पिकअप रात्री पुलावरून खाली कोसळली आणि सात जणांचा अंत झाला; त्यांत लहान मुलेही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपई भरलेला ट्रक उलटला व त्यातून जाणारे पंधरा मजूर मरण पावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटून जीवितहानी झाली. हा घाट आज नंदुरबार जिल्ह्यात असला, तरी १ जुलै १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्याचाच भाग होता आणि त्या यात्रेला साऱ्या खानदेशातून लोक जातात. मजूर, पुन्हा मजूर, मग यात्रेकरू. गाडी मालासाठी घडविलेली, आणि आत माणसे.

अशा अपघातानंतर चालक दारू प्यालेला होता का, वळण धोक्याचे होते का, याची चर्चा होते. ती व्हावी. मात्र हौद्यातील माणसाच्या कुटुंबाला पुढे काय भोगावे लागते, ते फारसे कोणी सांगत नाही. मालवाहू परवान्यावर प्रवासी नेता येत नाहीत, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्यापुढची गोष्ट माहीत नसते ती अशी, की आशा राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिलेल्या निर्णयाप्रमाणे मालवाहू गाडीतून नेलेल्या अशा प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर असेल, तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला संरक्षण आहे. लग्नाच्या वऱ्हाडाला नाही, यात्रेकरूला नाही. भरपाईचा हुकूम मग गाडीमालकाच्या नावे निघतो. त्याच्याकडे हप्त्याने घेतलेल्या त्या एका गाडीवाचून दुसरे काही नसते, आणि ती तर चेंदामेंदा होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात पडलेली असते.

मजुराला दोष देणे सोपे आहे. त्याला गाडी निवडता येत नाही. ती मुकादम निवडतो. म्हणून जाब विचारावयाचा तो मुकादमाला, आणि तोही गाडी गावातून निघण्यापूर्वी. ग्रामपंचायतीच्या सदस्याला हे करता येते, कारण कोणाची टोळी कोणत्या रात्री निघणार हे त्याला ठाऊक असते. शिक्षकांनाही येथे एक विनंती आहे. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना मुले न्यावयाची वेळ आली, की एस.टी.ची वेळ जुळत नाही आणि कोणीतरी पालक आपली पिकअप देऊ करतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही नकार द्यावा.

आता केबिनकडे वळू. तेथे पट्टा आहे. तो काम करतो का?

पट्टा हे एक यंत्र आहे, याची जाणीव आपल्याकडे कमी आहे. खांद्यामागच्या गुंडाळीत स्प्रिंग असते, आणि धक्का बसताच पट्टा जागच्या जागी रोखून धरणारी खीळ असते. सावकाश ओढला तर पट्टा सुटत जावा व एकदम हिसका दिला तर अडावा, अशी तिची रचना. जिनिंगच्या आवारात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीच्या गुंडाळीत कापसाचे तंतू आणि धूळ जाऊन बसते. पट्टा अर्धाच परत जातो आणि उरलेला दारात लोंबतो. दार आपटले की तो दारात चेमटतो आणि त्याचे काठ कुरतडले जातात. केळीची गाडी भरणाऱ्या हातांचा चीक बक्कलावर लागतो, सुकतो, आणि जीभ आत बसल्याचा खटका होत नाही. भुसावळ-जळगावच्या मे महिन्याविषयी आपणास मी काय सांगावे! त्या उन्हात उभ्या असलेल्या केबिनमधील प्लास्टिकचे आयुष्य घटते. यांत भर पडते ती माणसाच्या करामतीची. सीटवर जाड कव्हर चढविले, की बक्कल त्याखाली गडप होते. पट्टा घट्ट वाटतो म्हणून त्याला गाठ मारतात किंवा चिमटा लावून तो सैल ठेवतात. सैल पट्टा अपघाताच्या क्षणी आधी माणसाला पुढे जाऊ देतो आणि मग छातीवर आघात करतो. दोघांच्या जागेत तिघे बसले तर मधल्याला पट्टाच उरत नाही. एकदा अपघातात ताणला गेलेला पट्टा बाहेरून धडधाकट दिसला तरी पुन्हा वापरावयाचा नसतो, आणि नेमका असाच पट्टा भंगाराच्या दुकानातून स्वस्तात विकत मिळतो.

ज्या गाड्यांत पट्टा न लावल्यास सूचनेचा आवाज होतो, तेथे तो आवाज बंद करण्यासाठी बक्कलात नुसतीच खोटी जीभ अडकवितात. या वस्तूंची विक्री इतकी बोकाळली होती, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि अशा वस्तूंच्या १३,११८ जाहिराती तेथून हटविण्यात आल्या. आपला जीव वाचविणारी घंटा मुकी करण्यासाठी माणूस पदरचे पैसे मोजतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

पण सगळा दोष वापरणाऱ्याचा नसतो. पट्टा मुळातच सदोष निघू शकतो. अमेरिकेत १९९५ मध्ये जपानच्या ताकाता कंपनीने बनविलेल्या पट्ट्यांचे प्रकरण गाजले. बक्कलाचे तांबडे बटण ज्या प्लास्टिकचे होते, ते सूर्यप्रकाशाने ठिसूळ होई. त्याचे तुकडे आत पडत आणि बक्कल नीट अडकत नसे वा सुटत नसे. ऐंशी लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. चौकशी सुरू झाली ती गाडीमालकांच्या तक्रारींवरून. एकेका मालकाला आपलेच बटण फुटले असे वाटत होते. तक्रारी एका ठिकाणी जमल्या तेव्हा दोष एकट्यादुकट्या गाडीचा नाही, हे उघड झाले.

आपल्याकडे काय घडते? रावेरच्या गाडीचे बक्कल अडकत नाही. मालक मिस्तरीकडे जातो. मिस्तरी तार घालून ते बसवितो. साक्रीच्या गाडीचे तेच बक्कल, तीच तार. दोघांची गाठ कधी पडत नाही आणि कागदावर काहीच उमटत नाही. चालकाची तक्रार चहाच्या टपरीवर संपते. मला वाटते, खानदेशातील वाहन-सुरक्षेचा सर्वांत दुबळा सांधा हाच आहे.

वस्तुतः कायद्याने वाट करून दिली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम ११०-अ नुसार, सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. सात वर्षांच्या आतील गाड्यांविषयी मालकाला केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक संख्येपर्यंत पोहोचल्या, की चौकशीची कारवाई सुरू होते. उत्पादकाला दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. येथे संख्येला किंमत आहे. न नोंदविलेली तक्रार ही शेजारच्या तालुक्यातील तक्रारीचेही बळ कमी करते.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. पिकअप ही धंद्याची गाडी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे उत्तर मालकाला पुष्कळदा ऐकावे लागते. हे उत्तर सरसकट खरे नाही. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानू नये, असे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच म्हटले आहे, आणि १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा विचार मांडताना स्वतः ट्रक चालविणाऱ्या मालकाचेच उदाहरण घेतले होते. एक गाडी घेऊन ती स्वतः चालविणारा आपल्या गावचा तरुण त्यात बसतो. दहा गाड्या पगारी चालकांवर सोडणारा बसत नाही. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूदही या कायद्यात आहे. एप्रिल २०२२ मध्ये, अपघातात एअरबॅग न उघडलेल्या एका मोटारीच्या प्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने कौल दिला. आघाताचे भौतिकशास्त्र ग्राहकाने मांडून दाखवावे अशी अपेक्षा धरता येत नाही, असा त्यातील अभिप्राय आहे. आमच्या चालकांना याचा मोठा आधार वाटावा.

परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंगला येते. दिवे, ब्रेक, धूर पाहिला जातो. त्याच वेळी प्रत्येक पट्टा पूर्ण बाहेर ओढून, हिसका देऊन, बक्कल तीनदा लावून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. आणि दोष आढळला, तर गाडीचे मॉडेल व वर्ष यांसह तो लिहून ठेवावा. नुसते दुरुस्त करून आणा असे सांगितले, की माहिती तेथेच विरते.

तक्रार लिहिणे हे मात्र गावातच व्हावयाचे काम आहे, आणि येथे शिक्षकांचा हात लागतो. अर्जात गाडीचा नोंदणी क्रमांक, चॅसिस क्रमांक, खरेदीची तारीख, किती किलोमीटर चालली, दोष प्रथम कधी दिसला, कोणत्या बाजूचा पट्टा, हे असावे. ‘बेल्ट खराब आहे’ एवढ्याने भागत नाही. जीभ अडकत नाही, की अडकून सुटते, की गुंडाळी हिसक्याला अडत नाही, हे स्पष्ट लिहावे. बदललेला तुटका भाग मिस्तरीकडे टाकून येऊ नये. चिठ्ठी बांधून घरी ठेवावा. विक्रेत्याला अर्ज देताना पोच घ्यावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी केल्यास मिळणारा तक्रार क्रमांक अर्जावरच टिपून ठेवावा. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची असते, आणि दोष कधी समजला यावरून पुढे वाद होतो. अर्जाची एक प्रत ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत चढवून, क्रमांक व शिक्का घेऊन ठेवली, तर त्या वादाच्या वेळी ती तारीख दाखविता येते.