एकच ग्लुकोज : दाणा आणि तणस

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. बांधीतल्या धानाच्या एका रोपात सजीवांच्या रसायनशास्त्राचा मोठा धडा दडला आहे.

हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून, सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेवर, रोप शर्करा तयार करते. कार्बनचे 6, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचे 6 अणू मिळून ग्लुकोजचा एक रेणू होतो. असे असंख्य रेणू अल्फा बंधांनी जोडले की दाण्यातला स्टार्च बनतो. बीटा बंधांनी जोडले की तणसातले सेल्युलोज. घटक तोच, जोडणी वेगळी. आपल्या लाळेतले अमायलेज हे विकर अल्फा बंध तोडते, म्हणून भाताचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. सेल्युलोजमधले बीटा बंध तोडणारे विकर मात्र आपल्या शरीरात तयार होत नाही. बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव ते काम करतात, म्हणून तणस त्याचा चारा होतो.

भात मोकळा होणार की चिकट, हेही रेणूच ठरवतात. स्टार्चमध्ये अमायलोजच्या सरळ साखळ्या जास्त असल्या तर भात मोकळा होतो. फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन जास्त असले तर चिकट.

घरी करून पाहा. थंड झालेल्या पेजेत आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा रंग आला, की समजा, स्टार्च आहे. रसायनशास्त्र पाठ करण्याआधी असे डोळ्यांनी पाहा, ते कायमचे लक्षात राहील.