एका बिऱ्हाडांत दोन वैरी

खडकी स्टेशनावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या डोक्यावरून तांब्याची तार गेलेली असते. तिच्यांतून येणारी सारी वीज गाडी ओढण्याच्या कामीं लागत नाहीं. कांहीं अंश वाटेंतच उष्णतेच्या रूपानें वायां जातो. चांगल्यांत चांगल्या तांब्यासहि हा जकातीचा नाका चुकवितां येत नाहीं. १९११ सालीं मात्र हॉलंडांतील लायडेन येथें कामरलिंग ऑनेस यांनीं पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखालीं सुमारें २६९ सेल्सिअस अंशांपर्यंत थंड केला, तों त्याचा विद्युत्‌रोध एकाएकीं नाहींसा झाला. अशा पदार्थांस अतिसंवाहक म्हणतात.

रोध नाहींसा कां व्हावा, याचा उलगडा होण्यास १९५७ साल उजाडावें लागलें. बार्डीन, कूपर व श्रीफर या तिघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, अतिसंवाहकांतील इलेक्ट्रॉन एकेकटे न चालतां जोडीनें चालतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनास ‘फिरकी’ नांवाचा एक उपजत गुण असतो. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखरच गरगरतो असें नव्हे. पण या गुणास दिशा असते आणि ती बाणानें दाखवितां येते. जोडींतील एकाचा बाण वर, तर दुसऱ्याचा खालीं. लोहचुंबकाचा स्वभाव नेमका याच्या उलट. आपल्या राज्यांतील सारे बाण एकाच दिशेस वळवावे हा त्याचा हट्ट. अशा शेजाऱ्याजवळ ती जोडी टिकावी कशी?

खडकीवरून जाणारा लोहमार्ग ज्या मुंबईस पोंचतो, तिच्या कुलाब्याच्या टोकास टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील आर. नागराजन, एल. सी. गुप्ता व त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं एक नवल प्रसिद्ध केलें. यट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांचें मिश्रण सुमारें १२ केल्विनखालीं अतिसंवाहक होतें! निकेल तर स्वतः लोहचुंबकी धातु. त्याच वर्षीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतूनहि या कुळांतील संयुगें पुढें आलीं. यट्रियमच्या जागीं अर्बियम घातल्यास तें संयुग सुमारें ११ केल्विनखालीं अतिसंवाहक होतें, २.३ केल्विनखालीं त्यांत मंद लोहचुंबकत्वहि प्रकट होतें, आणि तरी अतिसंवाहकता जात नाहीं. होल्मियमचें संयुग अधिक लहरी. ८ केल्विनच्या आसपास त्याचा रोध जातो, ५ केल्विनजवळ अतिसंवाहकता डळमळते आणि त्याहून खालीं पुन्हा सांवरते. कारण तेथें एकाआड एक थरांतील बाण परस्परविरुद्ध होऊन त्यांचा प्रभाव फिटतो.

ही निसर्गाची तडजोड झाली. मानवानें केलेल्या जोडकामांत, म्हणजे नायोबियमसारख्या अतिसंवाहकाच्या पातळ थराला कोबाल्टचा थर चिकटविला असतां, ती सवलत नसते. कोबाल्टमध्यें शिरलेली जोडी कांहीं नॅनोमीटरांतच मोडते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा-लाखावा भाग. पण २००१ सालीं बर्गेरेत, व्होल्कॉव्ह व एफेटॉव्ह यांनीं गणितानें एक वाट दाखविली. चुंबकाची दिशा सीमेजवळ वळत गेली, तर दोन्ही बाण एकाच दिशेस असलेली नवी जोडी जन्मास येते, आणि चुंबकाचें तिच्याशीं वैर उरत नाहीं. २०१० सालीं केंब्रिजच्या रॉबिन्सन व ब्लेमायर यांच्या गटानें कोबाल्टच्या दोन्ही अंगांस होल्मियम बसविलें. या धातूंतील बाण मळसूत्रासारखे वळत जातात. अतिसंवाहक प्रवाह दहा नॅनोमीटरांहून जाड कोबाल्ट ओलांडून गेला.

अशी जोडी विजेबरोबर फिरकीहि वाहून नेते, आणि तीहि रोधावांचून. संगणकाच्या स्मृतींत बाणांच्या दिशेनेंच माहिती साठविण्याची रीत आहे. ती दिशा बदलतांना जी उष्णता होते तिच्यावर हा उपाय ठरेल, अशी आशा आहे. द्रव हेलियमची थंडी पुरविण्याचा खर्च मात्र त्या आशेंत धरलेला नसतो!

डोलणाऱ्या चुंबकाकडून शेजारच्या थरांत फिरकी ढकलण्याचेहि प्रयोग झाले आहेत. साध्या जोडीची एकूण फिरकी शून्य असल्यामुळें नायोबियम अतिसंवाहक होतांच ही आवक घटावी, हें अपेक्षितच. आणि तसें आढळलेंहि. परंतु २०१८ सालीं केंब्रिज येथें नायोबियमपलीकडे प्लॅटिनमचा थर दिला, तेव्हां ती उलट वाढली. ही वाढ नव्या जोडीचीच कीं अन्य कशाची, यावर अभ्यासकांत अद्यापि वाद आहे.