पुढचं दार घेताना

घरकुलाचे पैसे पाया, भिंती आणि छपरातच संपतात. दाराची वेळ येते तेव्हा हात रिकामा, मग लागतं पत्र्याचं पातळ दार. घरधनी ऊसतोडीला किंवा रात्रपाळीला गेला की त्याच दाराआड आपण लेकरं घेऊन झोपतो. म्हणून दाराचे पैसे पहिल्या हप्त्यातूनच बाजूला ठेवा.

दुकानात नक्षीला भुलू नका. आधी चौकट बघा. दार कितीही भारी असो, चौकट भिंतीत घट्ट नसेल तर दोन लाथांत सगळं आत येतं. भिंत बांधतानाच चौकटीला दोन्ही बाजूंनी लोखंडी होल्डफास्ट बसवून घ्या. भिंतीकडच्या अंगाला डांबर लावा, वाळवी लवकर धरत नाही.

सागवान उत्तम, पण महाग. परवडत नसेल तर पाण्याला टिकणारं फ्लश डोअर घ्या. त्यावर आयएसआयचा शिक्का आणि २२०२ हा आकडा बघा. पीव्हीसीचं दार न्हाणीला ठीक, पुढच्या दाराला नको.

रुंदी मोकळी तीन फूट तरी हवी. पोतं, बाज, कधी आजारी माणसाची खुर्चीही तिथूनच जायची असते.

आणि आतली कडी! मिस्त्री ती स्वतःच्या उंचीनं ठोकतो. सासूबाईंचा आणि शाळकरी लेकीचा हात पोचेल अशी बसवा. बिजागरीचे स्क्रू तो हातोडीनं ठोकायला लागला तर तिथंच थांबवा, पिळूनच बसवायला लावा.